रक्त भरलं की मन ताळ्यावर येईल का?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी २२ वर्षांची आहे. पुण्यात वसतिगृहात राहून एम.एस्सी. करते, दुसरं वर्ष. गाव सोलापूर जिल्ह्यात. गेल्या महिन्यात आमच्याकडे आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. वजन, उंची, बीपी, नाडी, बोटाला टोचून हिमोग्लोबिन, मुठीची पकड मोजायचं यंत्र, आणि शेवटी नऊ प्रश्नांचा एक कागद. माझी चिठ्ठी अशी: हिमोग्लोबिन ९.४, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.१, नाडी ९८, बीपी १०४/६६, पकड 'कमी', नऊ प्रश्नांचे गुण १४. खाली शिक्का: 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा'. समजावून कुणीच सांगितलं नाही.

बी.एस्सी.ला असताना मी विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळायचे. इथे आल्यावर गेल्या दिवाळीपासून चढाईत दम पुरेना, म्हणून जानेवारीत सराव सोडला. आता दोन जिने चढले तरी धाप लागते. रात्री दोन-तीनपर्यंत झोप नाही आणि सकाळी उठवत नाही. प्रॅक्टिकल आठला, त्यामुळे नाश्ता बुडतो. वर्षभरात चार किलो वजन उतरलं. जूनपासून कशात गोडीच वाटत नाही, मैत्रिणींचे फोन उचलत नाही. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं. पाळीचा त्रास आहे, पण तो आधीपासूनचाच.

आई म्हणते, 'रक्त कमी आहे, दुसरं काही नाही, बीट आणि गूळ खा.' रूममेट मानसशास्त्राची आहे. ती म्हणते, 'हे सरळ डिप्रेशन आहे, एचबीच्या मागे लपू नकोस.' खरं कोणाचं? रक्त भरलं की मन आपोआप ताळ्यावर येईल का? प्रश्नांच्या उत्तरांचा फोटो जोडलाय. आणि हे घरी सांगायचं का, तेही सांगा.

उत्तर

आकडे नंतर बघू. आधी तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य: 'सकाळ झालीच नाही तर बरं.' फोटोतल्या नवव्या प्रश्नासमोरही तू 'काही दिवस' वर खूण केली आहेस. असा विचार पुष्कळांना येऊन जातो आणि तो आला म्हणून कुणी दुबळं ठरत नाही. पण तो 'उठूच नये' इथे थांबतो, की स्वतःला काहीतरी करून घ्यावं, कसं करावं, केव्हा करावं, इथपर्यंत जातो, हे फक्त तुलाच ठाऊक. तिथपर्यंत जात असेल तर हे उत्तर बाजूला ठेव, रूममेटला उठव आणि तिच्यासोबत आजच्या आज मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. रात्र असो, सुट्टी असो, १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा आहे, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. विचार तिथवर जात नसेल तरी नंबर फोनमध्ये घालून ठेव, आणि या वाक्याची रूममेटला कल्पना दे. ती तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपते, माझ्यापेक्षा ती जवळ आहे.

आता तो नऊ प्रश्नांचा कागद. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. तो २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि आज जगभर वापरला जातो. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, एवढंच तो विचारतो. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३, एकूण २७. १० किंवा त्याहून जास्त आले की नीट तपासणी हवी, असा संकेत आहे. म्हणजे ती चाळणी आहे, निदान नव्हे. शिबिरात १४ गुण पडले म्हणून तुला नैराश्याचा आजार आहे असं कागद म्हणत नाही. कुणीतरी तुझ्याशी अर्धा तास बसून बोलावं, असं तो म्हणतो. आणि नेमकं तेच तिथे झालं नाही.

तू फोटो पाठवलास हे फार बरं केलंस, कारण एकूण गुणांपेक्षा ते कुठून आले हे बघण्यात जास्त अर्थ आहे. तुझे थकव्याचे ३, झोपेचे २, भुकेचे २, एकाग्रतेचे २. हे झाले ९. यातला प्रत्येक गुण हिमोग्लोबिन ९.४ असलेल्या, नाश्ता न करणाऱ्या आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्या कुठल्याही मुलीला पडू शकतो, तिचं मन ठणठणीत असलं तरी. शरीराच्या आजारात या प्रश्नावलीचा हा गोंधळ नेहमीचाच. आई बरोबर आहे ती इथपर्यंत.

राहिले पाच. कशात गोडी न वाटणं २, म्हणजे निम्म्याहून अधिक दिवस. उदास वाटणं १. 'मी वाया गेले, घरच्यांना खाली बघायला लावलं' हा १. आणि नववा १. हे पाच गुण नुसतं रक्त कमी असल्याने सहसा पडत नाहीत. रक्त कमी असलेला माणूस थकून बसतो, पण आवडती मैत्रीण फोनवर आली तर त्याला सहसा बरं वाटतं. तुला तो फोन उचलावासाच वाटत नाही. तेव्हा इथून पुढे रूममेटचं म्हणणं ऐकायला हवं. फक्त 'लपू नकोस' हा तिचा शब्द मला पटलेला नाही. तू लपत नाहीयेस, तू खरोखर आजारी आहेस.

हिमोग्लोबिनबद्दल सांगते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं १२ च्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटना त्याला रक्तक्षय म्हणते. ८ ते १०.९ हा त्यातला मध्यम प्रकार, तू त्यात बसतेस. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. निम्म्याहून जास्त! इतकं सर्रास असल्यामुळेच कुणाला त्याचं काही वाटत नाही. 'बायकांचं रक्त कमीच असतं' म्हणून आपण मोकळे होतो. नाडी ९८ आहे ती याच कारणाने असण्याचा संभव मोठा. रक्तात प्राणवायू वाहून नेणारा माल कमी, म्हणून हृदय जास्त फेऱ्या मारतं. बीपी १०४/६६ मात्र तुझ्या अंगकाठीला अगदी ठीक आहे. 'लो बीपी' म्हणून मीठ-साखरेचं पाणी देणारी एक काकू प्रत्येक वसतिगृहात असते, तिला नम्रपणे नको म्हण.

आणि ते वाक्य, 'पाळीचा त्रास आहे, पण तो आधीपासूनचाच.' तू ते जाता जाता लिहिलंस, मला मात्र अख्ख्या चिठ्ठीतलं मूळ तिथे दिसतं. सात दिवसांपेक्षा जास्त चालते का? दर दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? गाठी जातात का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल, तर दर महिन्याला शरीरातलं लोह वाहून जातंय आणि तू वरून बीट खातेयस. बिटाचा रंग लाल आहे एवढंच, लोह त्यात फारसं नसतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखव. लग्न न झालेल्या मुलीने तिथे जाऊ नये असं अजूनही काही घरांत मानतात. ते मानणं बाजूला ठेव.

आता तुझा खरा प्रश्न, रक्त भरलं की मन आपोआप ताळ्यावर येईल का.

शरीराचे आकडे आणि मन यांचा संबंध आहे, यात शंका नाही. लोह कमी असलेल्यांत, अपुरं झोपणाऱ्यांत, पकड कमी असलेल्यांत, वजन फार कमी किंवा फार जास्त असलेल्यांत उदासी अधिक सापडते. विद्यापीठातल्या मुलांवरचे असे पुष्कळ अभ्यास चीनमधून येतात, कारण तिथे विद्यार्थ्यांची सरकारी शारीरिक चाचणी होते: बीएमआय, फुप्फुसांची क्षमता, ५० मीटर धाव, उभ्याने लांब उडी, मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १००० मीटर. आयते आकडे हाताशी असतात, त्याला प्रश्नावली जोडली की अभ्यास तयार. पण हे सगळं एकाच दिवशी मोजलेलं असतं. दम कमी म्हणून मुलगी खचली की खचली म्हणून दम गेला, हे एका दिवसाच्या फोटोवरून कसं कळणार? जिथे माणसांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं, तिथे रस्ता बहुधा दोन्ही बाजूंनी वाहताना दिसतो. लठ्ठपणाचं उदाहरण घे. २०१० मध्ये अशा अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त निघाली आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी.

लोहाचं म्हणशील तर मेंदूत डोपामिन आणि सेरोटोनिन बनायला लोह लागतं. म्हणून वाटतं, लोह दिलं की मन सुधारेल. फ्रान्समध्ये १९८ स्त्रियांवर हे करून पाहिलं गेलं, २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सगळ्या पाळी येणाऱ्या, सगळ्या सतत थकलेल्या, हिमोग्लोबिन ठीक पण लोहाचा साठा कमी. निम्म्यांना १२ आठवडे लोहाची गोळी, निम्म्यांना दिसायला तशीच पण रिकामी. लोह घेणाऱ्यांचा थकवा जवळपास ४८ टक्क्यांनी उतरला, रिकामी गोळी घेणाऱ्यांचा २९ टक्क्यांनी. आणि उदासी, चिंता? त्यात दोन गटांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. तुझं हिमोग्लोबिनच खाली गेलंय, त्यामुळे तुझा फायदा जास्त असेल, पण दिशा तीच धरून चाल: गोळीने अंगात जोर येईल. गोडी येईलच असं नाही.

का नाही येणार, ते तुझ्याच पत्रातल्या तारखांत आहे. दिवाळीत दम गेला. जानेवारीत सराव सोडला. गोडी गेली ती जूनमध्ये. मधल्या पाच महिन्यांत काय झालं, ते तू लिहिलेलं नाहीस, पण अंदाज बांधता येतो. सराव सुटला म्हणजे रोजचे दोन तास सुटले, संघातल्या मुली सुटल्या, सरावानंतरची टपरीवरची मिसळ आणि टवाळकी सुटली, अंग दमून रात्री पडल्या पडल्या येणारी झोप सुटली, आणि 'ती कबड्डीवाली' ही तुझी ओळख सुटली. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात तू खोलीत, हातात फोन. रक्ताने तुझ्या मनावर थेट घाव घातला असेल तर थोडा. मोठा घाव तू सोडून दिलेल्या गोष्टींनी घातला. आणि गोळीने हिमोग्लोबिन १२ झालं म्हणून त्या संध्याकाळी काही आपोआप परत यायच्या नाहीत. त्या तुला वेगळ्याने परत आणाव्या लागतील. म्हणून मी म्हणते, 'आधी रक्त, मग मनाचं बघू' असं करू नकोस. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू कर.

रक्ताचं आधी उरकते. बोटाला टोचून केलेली तपासणी ढोबळ असते, शिरेतून रक्त देऊन सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएच करून घे. फेरिटिन म्हणजे लोहाची शिल्लक. बी-१२ एवढ्यासाठी की शाकाहारी घरांत ते कमी असणं फार आढळतं, आणि त्याच्या कमतरतेनेही थकवा आणि उदासी दोन्ही येतात. टीएसएच थायरॉइडसाठी. सीबीसीत तांबड्या पेशी फार लहान दिसल्या आणि फेरिटिन मात्र ठीक आलं, तर थॅलेसेमियाची तपासणी करायला डॉक्टर सांगतील, तेव्हा आपल्या मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस. चार किलो वजन न ठरवता उतरलंय, म्हणून डॉक्टरांना हेही सांग: दोन आठवड्यांहून जुना खोकला आहे का, संध्याकाळी कणकण येते का. वसतिगृहात टीबीचा विचार मनात ठेवावाच लागतो.

गोळी सुरू झाली की शौचाला काळं होईल, थोडा खडा धरेल. घाबरून बंद करू नकोस. काही डॉक्टर एक दिवसाआड देतात, त्यालाही चांगला आधार आहे, तशी ती जास्त शोषली जाते. लिंबूपाण्याबरोबर घे. गोळीच्या आणि जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको, चहा लोह अडवतो. तुझा नाश्ता बुडतो, म्हणजे त्या जागी चहा-बिस्किट असणार, हे मी धरूनच चालले आहे. मेसवाल्या मावशींना सांगून रात्रीच दोन पोळ्या आणि उसळ डब्यात घालून ठेव, सकाळी वर लिंबू पिळून खा. सात पन्नासला खोलीत उभ्याने खाल्लं तरी चालेल. सगळं नीट चाललं तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन एक-दोन अंकांनी चढायला हवं. १२ ला पोचल्यावरही साठा भरेपर्यंत साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. इथेच सगळ्या मुली सोडून देतात.

बीएमआयच्या मागे फार लागू नकोस. १८.५ या खालच्या मर्यादेच्या किंचित खाली आहेस, खाणं सुधारलं की ते वर येईल. हा आकडा आतलं काही सांगत नाही, याचा नामी दाखला पुण्यातलाच आहे. २००४ मध्ये केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. मुठीच्या पकडीच्याही मागे लागू नकोस. खाणं, झोप, हालचाल या सगळ्यांचा हिशेब तिथे उतरतो, म्हणून ती उदासीशी जुळते. नुसता रबरी चेंडू दाबत बसलीस तर पकड वाढेल, बाकी काही नाही.

आता त्या सुटलेल्या संध्याकाळींचं. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक फार चांगला प्रयोग झाला, २०१७ मध्ये त्याचे निकाल आले. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांना घेतलं. त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांखेरीज सहा ते आठ बैठका दिल्या. त्या देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. बैठकांचा गाभा एवढाच: उदासीमुळे काय काय करणं सोडलंस, त्यातलं आज थोडंसं काय करता येईल, केल्यावर कसं वाटलं. मन लागेल तेव्हा करू असं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. तीन महिन्यांनी याच पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आलेले ६४ टक्के, नुसत्या नेहमीच्या उपचारांत ३९ टक्के.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा. हिमोग्लोबिन ९.४ वर चढाई करायची नाही, जिममध्ये वजनंही उचलायची नाहीत. पण मैदानावर जायला रक्त लागत नाही. आठवड्यातून तीन दिवस सरावाच्या वेळी तिथे जा. गुण लिही, शिट्टी वाज, नवख्या मुलींना पकड कशी करायची ते सांग, कडेने दोन फेऱ्या चाल. पहिल्या दिवशी नकोसं वाटेल, आणि 'इतके दिवस कुठे होतीस' असं कुणीतरी विचारेलच. 'रक्त कमी झालं होतं, औषध चालू आहे' एवढं उत्तर पुरे. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास आलं आणि जिना चढताना धाप थांबली की डॉक्टरांना विचारून जोर-बैठका, मग हळूहळू सराव. २०१८ मध्ये ३३ चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने उदासी कमी होते असं दिसलं. त्याच वर्षी नॉर्वेतल्या जवळपास ३४,००० माणसांच्या ११ वर्षांच्या पाहणीवरून संशोधकांनी हिशेब मांडला: प्रत्येकाने आठवड्याला निदान एक तास हालचाल केली असती, तर नव्याने आलेल्या नैराश्यातला १२ टक्के भाग टळला असता. आठवड्याला एक तास. तू रोज दोन तास घाम गाळणारी होतीस.

झोपेसाठी एकच गोष्ट सांगते, बाकीच्या सूचना फोनवर हजार मिळतील. उठायची वेळ बांध, झोपायची नव्हे. सात म्हणजे सात, रविवारीही. दुपारची डुलकी नको. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ झोप न येणाऱ्या विद्यार्थ्यांवर २०१७ चा एक अभ्यास आहे. ज्यांना ऑनलाइन पद्धतीने झोपेची शिस्त आणि झोपेबद्दलचे विचार सुधारायला शिकवलं, त्यांची झोप सुधारलीच, उदासीही उतरली. मनाचा रस्ता शरीरातून जातो याचा मला लोहापेक्षा हा पुरावा जास्त भक्कम वाटतो.

हे सगळं करतानाच विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात एकदा जाऊन बस. नऊ प्रश्नांचा कागद आणि रक्ताचे रिपोर्ट दोन्ही सोबत ने. दर दोन आठवड्यांनी तोच कागद स्वतःशी पुन्हा भर, आणि एकूण गुण बघू नकोस, गोडी आणि उदासी या पहिल्या दोन प्रश्नांकडे बघ. थकव्याचे गुण उतरले आणि हे दोन जागचे हलले नाहीत, तर ते डॉक्टरांना तसंच सांग. नैराश्याच्या गोळ्यांची गरज आहे का, हे त्यावरून ते ठरवतील. आणि नववा १ वरून २ झाला, तर दोन आठवडे पुरे व्हायची वाट बघू नकोस.

घरी सांगायचं का? तू सज्ञान आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त राखण्याचा हक्क तुला दिला आहे. जिवाला धोका असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर तुला विचारल्याशिवाय डॉक्टर घरी फोन करू शकत नाहीत. पण तुझ्या आईने अर्ध्याच दुखण्यावर का होईना, बोट ठेवलं ते काळजीनेच. तिला रक्तापासून सांगायला लाग, ते तिला कळतं. 'रक्त कमी आहे ते पाळीमुळे असावं, तपासणी करतेय. आणि बरेच दिवस मनही लागत नाहीये, त्याच्याही डॉक्टरांना दाखवणार आहे.' दोन्ही एकाच फोनवर, एकाच आवाजात. त्यातलं दुसरं वाक्य गिळू नकोस. वडिलांना काय आणि किती सांगायचं ते तिच्यावर सोड.

महिन्याभराने पुन्हा लिही. फेरिटिन किती आलं, स्त्रीरोगतज्ज्ञ काय म्हणाल्या, आणि तीनातले किती दिवस मैदानावर गेलीस, एवढं कळव.